कुरणावर आधी कोण

नारीन, ५ एप्रिल

ती. आजोबांना सलाम, वि. वि.

आजीने धाडलेलं लोणी पोचलं. तिच्याकडूनच कळलं की तुम्ही याच महिन्यात वरच्या कुरणावर डेरा हलवणार. हवामान खात्यातल्या माझ्या यंत्राप्रमाणे खिंडीत दीड मीटर बर्फ आहे. गेल्या वर्षी याच घाईत घोडीसकट घसरलात आणि गुडघा दुखावलात. घोडी शहाणी झाली, खिंड दिसताच मागे वळते म्हणे. जूनपर्यंत थांबावं. लोभ आहेच, तो खाली गावातच राहू द्यावा.

आपली,
एल्नुरा

कारा-बुलाक, १२ एप्रिल

चि. एल्नुरास आशीर्वाद.

तुझं यंत्र बर्फ मोजतं, अब्रू नाही. आधी डेरा टाकणाऱ्याने मागून आलेल्याला जेवू घालायचं, ही आपली रीत. तीन उन्हाळे शेजारचा ओसकोन आधी पोचतो, पाहुण्याच्या मानाचं मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, "खा शार्शे, उशिरा आलास, दमला असशील." घास उतरत नाही. (मी तीनदा वाढून घेतलं असं आजी म्हणते. तिचं ऐकू नकोस.) औंदा तो एप्रिलअखेर निघणार. मी त्याच्या आधी.

तुझा आजोबा,
शार्शे

कुरणावरून, २१ एप्रिल

ती. आजोबांना सलाम. (हीच प्रत ओसकोनआजोबांना.)

खात्याच्या बर्फगाडीने काल नवं यंत्र बसवायला इथे आले. सोबत दोन सहकारी आहेत, काळजी नसावी. तंबू ठोकला, चूल पेटवली. दुसरा धूर कुठेही नाही, दुर्बिणीने खात्री केली. म्हणजे यंदा आधी मी आले. तुम्ही दोघं आता कितीही धावलात तरी मागूनचेच. मी पुन्हा जूनमध्ये येईन, खिंड मोकळी झाल्यावर. तेव्हा जेवायला यावं. त्याआधी चूल बंद.

आपल्या आज्ञेतली, बर्फाचा विषय सोडून,
एल्नुरा

कुरणावरून, १० जून

चि. एल्नुरास आशीर्वाद.

तू काल गेलीस म्हणून मोकळेपणी लिहितो. गुडघा ठीक. घोडी हसतहसत चढली.

ताटात काय होतं, हे ओसकोनने मला विचारलं आणि मी त्याला. टोमण्याशिवाय तीन वर्षांत झालेलं हे पहिलं बोलणं. उकडलेल्या शेवयांवर डब्यातला मासा! पोरी, आम्ही समुद्र पाहिलेला नाही, आणि तो असा भेटावा असंही वाटलं नव्हतं. तुझा मान म्हणून ताटं पुसून खाल्ली, तर तू पुन्हा वाढलंस. तेव्हा ओसकोन माझ्या कानाशी म्हणाला, "शार्शे, ही दर वर्षी आधी येणार का रे?"

तिथेच ठरलं. पुढल्या जूनमध्ये आम्ही घोड्याला घोडा लावून चढू. तू मागून ये. मेंढीचं डोकं तुझ्यापुढे ठेवू.

लोभ असावा, डबे नसावेत.

तुझे दोन्ही आजोबा,
शार्शे, ओसकोन