बारा घागरी

लातूर, मे १९८३

श्रीमंत,

गावात तुला मालक म्हणावं लागायचं. आज नुसतं नाव लिहिते.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत मला राखीव जागेवर कारकून घेतलं, म्हणून तू कोर्टात गेलास. मॅट्रिकला तुला सात गुण जास्त, तरी जागा मला, म्हणून तुझ्यावर अन्याय झाला म्हणं!

मॅट्रिकच्या वर्षीचा दुष्काळ तुझ्या अर्जात कुठंच न्हाई. गावात फक्त आमच्या बौद्धवाड्यातल्या आडाला पाणी होतं. तुझी आई आमच्या दोरीला शिवत नव्हती. ती लांब उभी राहायची, मी पाणी शेंदून घागरी भरायची, मग ती गोमूत्र शिंपडून न्यायची. रोज बारा घागरी. मी शाळेत पोचेपर्यंत गणिताचा तास संपलेला असायचा. तू त्याच पाण्यानं अंघोळ करून पहिल्या बाकावर!

उशीर झाला म्हणून मास्तर मला छड्या मारायचे. मी कुठं होते हे तुला ठाऊक होतं. तू खाली मान घालून बसायचास.

वकील म्हणतात, समोरच्याला पत्र धाडायचं न्हाई. न्हाई धाडत. पण पुढच्या तारखेला कोर्टात शपथ घेऊन सांग, त्या घागरी कोण भरत होतं. मग घे माझी नोकरी.

तारामती