एकाच वाणाची बाग

बाई, तुमच्या धाकट्या भावाची ऑलिव्हची बाग तुम्ही पाहिलीत तेव्हा झाडं कमरेएवढी होती. आता ती माणसापेक्षा बरीच उंच झाली आहेत म्हणे. मी स्वतः ती पाहिलेली नाहीत. मी फक्त त्यांची पानं पाहिली, आणि त्या पानांमुळे गेले कित्येक महिने माझं कशात लक्ष लागत नाही.

तुमच्या या भावाचा, माझ्या काकांचा, फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतून निघायच्या तयारीत होते. रिफायनरीतून निवृत्त होऊन मित्राबरोबर राजस्थानच्या वाळूत बाग लावायला गेलेला हा माणूस अजून बडोद्याचीच मराठी बोलतो. म्हणाले, झाडांना दर वर्षी फुलोरा येतो, पण फळ धरत नाही. थोडंफार धरलं तरी गळून जातं. पाण्याची वेळ बदलली, खत बदललं, मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या. आता भागीदार कंटाळलाय, झाडं उपटून मोहरी पेरायचं म्हणतो. "तू ताईची विद्यार्थिनी. एकदा तू बघ, पछी काय ते ठरवू," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

ऑलिव्हच्या बऱ्याच वाणांना आपल्याच वाणाचा पराग चालत नाही, शेजारी दुसरा वाण असावा लागतो. काकांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दोन वाण मागवले होते, बार्निया आणि पिशोलिन. पहिली खेप विहिरीकडे लावली, दुसरी टेकाडावर. दुसऱ्या खेपेवरच्या चिठ्ठ्या प्रवासात पुसून गेल्या होत्या, आणि रोपवाटिकेनं दोन्ही वेळा एकच वाण तर दिला नसेल ना, ही शंका त्यांना छळत होती. वेगळी रोपं आणून मधे मधे लावावीत असा त्यांचा बेत होता. त्याआधी त्यांनी तुम्हाला बोलावलं. तुमची औषधं चालू होती, तरी तुम्ही गेलात, दिवसभर रांगांमधून हिंडलात आणि म्हणालात, विहिरीकडे रुंद पानांची बार्निया आहे, टेकाडावर अरुंद पानांची पिशोलिन. वाण दोन आहेत, नवं काही आणू नकोस. काकांनी आणलं नाही. त्याच वर्षी तुम्ही आम्हाला सोडून गेलात.

त्यांनी पाठवलेली कोवळी पानं मी स्वतः खलात वाटली, एरवी हे काम माझ्याकडे नसतं. डीएनएमध्ये काही जागा अशा असतात की तिथे दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि ती किती वेळा येतात ते प्रत्येक वाणात वेगळं असतं. अशा अनेक जागा ताडून पाहिल्या की झाडाची ओळख पटते. कलम करून वाढवलेल्या एकाच वाणाच्या झाडांत त्या सगळ्या तंतोतंत जुळतात, मग झाड विहिरीकाठी असो की टेकाडावर. पडद्यावर पहिले आलेख आले. विहीर आणि टेकाड, एकावर एक ठेवले तर रेघसुद्धा सरकत नव्हती. सगळी बार्निया.

मी धरून चालले की माझीच चूक असणार, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा केलं, तेच आलं. मग काकांना खोटं कारण सांगून दुसऱ्या झाडांची पानं मागवली. ती येईपर्यंत मी जुनेच आलेख उघडून बघत होते. जेवताना नवऱ्यानं दोनदा विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, कामाचं आहे.

त्या दिवसांत सारखं तुमचं बडोद्यातलं, सुभानपुऱ्याचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर यायचं. मी प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधून सायकल मारत आलेय, घामानं भिजलेली, हातात एक फांदी. मोठ्या ऐटीत झाडाचं नाव सांगते. तुम्ही फोडणीत मोहरी टाकताय, मागे वळूनही बघत नाही. "फळ पाहिलंस?" मी म्हणते, नाही, पण पानं अगदी तशीच आहेत. तुम्ही गॅस बंद करता. "पान सावलीत एक असतं, उन्हात दुसरं. फळ बघितल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. चुकीचं नाव दिलंस तर त्यावर विसंबून कुणी तरी काही तरी करून बसेल." आणि मग त्याच हातांनी मला हांडवो वाढता.

तिसऱ्या वेळीही तेच आलं. काकांना फोन लावायला मला आठवडा लागला. काय बोलायचं त्याची मनात घोकंपट्टी केली होती, पण ते "बोल दीकरा" म्हणाले आणि सगळं विसरायला झालं. सरळ सांगून टाकलं, दोन्हीकडे एकच वाण आहे.

पलीकडे पंप चालू असल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे ताई चुकली."

"हो, काका."

"ती सांगत नव्हती," ते म्हणाले. "सारखी म्हणायची, फळं येऊ दे, मग सांगते. मीच पाठी लागलो. म्हटलं, ताई, फळं येईपर्यंत तू असशील का?"

पुढे त्यांनी विचारलं, आता उपटायची का. मी म्हटलं, नको, झाडं निरोगी आहेत, प्रत्येक रांगेत काही झाडांवर पिशोलिनची कलमं बांधू. ज्या बागेतून कलमांच्या काड्या आणायच्या तिथली पानं मी आधी तपासून घेतली. भागीदाराला काकांनी कसं समजावलं ते त्यांनाच माहीत. कलमं बांधून झाली. काही वाळली, बरीचशी फुटली, काकांनी फोटो पाठवले. त्यांना फुलोरा यायला अजून काही वर्षं जातील, आणि काकांचं वय झालंय. रोज सकाळी दात घासताना मी त्या गावचं तापमान बघते. पारा चढला की दुपारी पुन्हा बघते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिता आलं. एक राहिलं. काकांना सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तिसऱ्या वेळी तेच आलेख पडद्यावर आले, तेव्हा भीती तर वाटलीच. पण आयुष्यभर प्रत्येक नाव घेताना मी चुकेन म्हणून धास्तावत आलेय, आणि तुम्ही कधी चुकणारच नाही असं मी धरून चालले होते. त्या क्षणी, बाई, मला थोडं बरं वाटलं.