पिवळं जाकीट दिसेपर्यंत

३ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! बसने हाडं खिळखिळी केली, पण खोली बघितली आणि जीव निवला. लाकडी जमीन, दोन पलंग, कोपऱ्यात लोखंडी शेगडी, आणि खिडकी उघडली की थेट बर्फाचे डोंगर. धाकट्याने आल्या आल्या खिडकीजवळचा पलंग बळकावला होता. मी नुसतं बघितलं, तर मुकाट्याने गाठोडं उचलून दुसऱ्यावर गेला. एकतीस वर्षांचा घोडा झालाय, तरी ताईने डोळे वटारले की अजून जागा सोडतो.

ही वही खरं तर माझ्या मोटर ट्रेनिंग स्कूलची. पुढच्या पानांवर शिकाऊंच्या चुका आहेत: क्लच एकदम सोडतो, आरसा बघत नाही, वळणावर डोळे मिटते (हो, अशीही एक आहे!). मागची पानं कोरी होती, त्यात ही सहा दिवसांची सहल लिहीन म्हणते. सतरा वर्षं लोकांना गाडी शिकवतेय आणि सगळ्यात मठ्ठ शिकाऊ निघाला माझा सख्खा भाऊ. परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास, तिसऱ्यांदा कसाबसा सुटला. मी शिकवून! लाजेने मान खाली गेली होती माझी. पण बाईकवरून डोंगर बघायचं हे खूळ त्याचंच. आईने एकाच अटीवर सोडलं, की दोघं जाताय तसे दोघं परत या. त्याला सांभाळ, हे तिने मला फाटकापर्यंत येऊन तीनदा सांगितलं.

आम्ही एकूण सहाजण, प्रत्येकाला इथली भाड्याची एकेक बाईक. पुढे गाइड, त्याला सगळे म्होरक्या म्हणतात. सगळ्यात मागे त्याची बायको, ती सगळ्यांची वहिनी. तिच्या अंगात डोळे दिपवणारं पिवळं जाकीट. मध्ये मी, धाकटा, एक दातांची डॉक्टरीण आणि एक निवृत्त पोस्टमास्तर, जे स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसतात.

जेवणानंतर म्होरक्याने नियम सांगितला. फाटा आला की त्याच्या लगेच मागे जो असेल त्याने तिथे थांबायचं आणि मागच्यांना हाताने रस्ता दाखवायचा. पिवळं जाकीट येईपर्यंत जागा सोडायची नाही. आणि ज्या फाट्यावर कुणी उभं नसेल तिथे विचार करत बसायचं नाही, सरळ जायचं. धाकट्याने विचारलं, हे लिहून घेऊ का? सगळे हसले. मी जरा जास्तच हसले.

४ ऑक्टोबर

काय दिवस गेला! एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल निळी नदी, आणि रस्ता इतका रिकामा की दोन तासांत फक्त एक मेंढपाळ दिसला. उन्हात बाईक नुसती गुणगुणत होती. डॉक्टरीण म्हणाली की तोंडात बोट न घालता गेलेला हा तिचा वर्षातला पहिला दिवस.

दुपारी एका फाट्यावर उभं राहायची पाळी धाकट्याची आली. वाटेत पोस्टमास्तरांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं, वहिनी त्यांच्यापाशी थांबली, त्यामुळे धाकट्याला चाळीस मिनिटं तिथेच राहावं लागलं. वहिनी आली तेव्हा हा पठ्ठ्या हात वर करूनच उभा! कोपर ताठ, बोटं जुळलेली, तोंड गंभीर. सगळा वेळ हात तसाच धरला होता म्हणे, कारण कोण कधी येईल काय सांगता येतं? रात्रीच्या सूपच्या वेळी पोस्टमास्तरांनी त्याचं नाव 'पाटी' ठेवलं. तोही हसला. हात सुजला होता, मी बाम चोळून दिला आणि वर म्हटलंही, की अक्कल वाटत होते तेव्हा कुठे उभा होतास रे? वहिनी मात्र म्हणाली की इतक्या वर्षांत असा भरवशाचा माणूस तिने पाहिला नाही.

नसता शहाणा. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

५ ऑक्टोबर

हे लिहायला हात धजत नाहीये. पण कुणाला तरी सांगायला हवं, आणि वहीशिवाय आहे कोण?

सकाळीच ठिणगी पडली. ओढा ओलांडताना धाकटा आडवा झाला. साधा ओढा, घोट्याएवढं पाणी. सगळ्यांसमोर मी त्याला वाट्टेल ते बोलले. पालथ्या घड्यावर पाणी, तुला शिकवण्यापेक्षा दगडाला शिकवलं असतं तर तो चालायला लागला असता, असं सगळं. डॉक्टरीण दुसरीकडे बघू लागली. त्याने पँट पिळली आणि हसत म्हणाला की ताई, तू पुढे उभी असलीस की मला कसली भीती? त्याच्या त्या हसण्यानेच मला आणखी चीड आली.

दुपारी खिंडीत बर्फाचा भुरभुराट सुरू झाला. पुढे फाटा. आमचा रस्ता उजवीकडे खाली उतरतो, आणि सरळ जाते ती बंद पडलेल्या खाणीची जुनी वाट. म्होरक्याने मला तिथे उभं केलं. तो म्हणाला की खाणीच्या वाटेने बरीच वर्षं कुणी जात नाही. पुढे एक पूल आहे, पलीकडे कामगारांच्या रिकाम्या बराकी. मग तो गेला.

पोस्टमास्तर आले, वळून गेले. मग कुणीच नाही. अर्धा तास. एक तास. पायांची लाकडं झाली, दात वाजायला लागले. नंतर कळलं, की डॉक्टरीणबाईंच्या गाडीची चेन तुटली होती, वहिनी ती जोडत होती आणि तिने धाकट्याला हळूहळू पुढे हो म्हणून सांगितलं होतं. पण तेव्हा मला वाटलं, पडला असणार पुन्हा. सगळ्यांना खोळंबून ठेवलं असणार. ठेच लागल्याशिवाय हा सुधारायचा नाही. ताई उभी नसली की काय होतं ते बघू दे एकदा.

मी निघून गेले.

थंडीमुळे गेले असं लिहिणार होते. पण वहीत तरी खोटं कशाला? मी त्याला धडा शिकवायला गेले. शिकाऊंच्या चुका लिहिणारी मी, आणि कुंपणानेच शेत खाल्लं.

वहिनीला रस्ता पाठ, त्यामुळे फाट्यावर कुणी नसूनही ती आणि डॉक्टरीण संध्याकाळी बरोबर मुक्कामाला आल्या आणि वहिनीने विचारलं, पाटी कुठाय? म्होरक्याने विचारलं, तो माझ्यासमोर वळला का? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो, उजवीकडे वळला, मग लांबून वहिनीच्या गाडीचा दिवा दिसला म्हणून मी निघाले.

तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं ते निघालं.

म्होरक्या आणि पोस्टमास्तर टॉर्च घेऊन उजव्या रस्त्याची दरी बघायला गेले आहेत. तो बराकीत असेल. छप्पर आहे, बसला असेल पाय पोटाशी घेऊन. सकाळी आपणहून येईल. येईलच.

६ ऑक्टोबर

आला नाही.

दिवसभर उजवा रस्ता शोधला. खालच्या गावातून आठ माणसं आली, दोर लावून दरीत उतरली. एकाच्या कपाळाला खोक पडली. माझ्या एका वाक्यावर ती माणसं कड्याला लटकत होती आणि मी वर उभी राहून त्यांना चहा ओतत होते. दर वेळी तोंड उघडायचे आणि साखर किती, एवढंच बाहेर पडायचं.

आता सांगितलं तर विचारतील, काल का नाही सांगितलं? काल सांगितलं असतं तर विचारलं असतं, जागा का सोडलीस? आणि मग आई. आईला काय सांगू?

दुपारी इथल्या फोनवर आईच आली. त्याला दे म्हणाली. मी सांगितलं, आंघोळीला गेलाय. ती म्हणाली, एवढ्या थंडीत? स्वेटर घालायला सांग.

वहिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, दिवा किती वाजता दिसला? मी म्हटलं, चारच्या सुमाराला. ती नुसतं बरं म्हणाली. नंतर डॉक्टरीण सहज बोलून गेली, की चार वाजता वहिनी तिच्या गाडीखाली आडवी पडून चेन जोडत होती. दिवा बंद होता.

वहिनीला कळलंय. तरी ती कुणाला बोलली नाही. माझ्या पांघरुणावर स्वतःची रजई टाकून गेली.

आणि आता हे. पोस्टमास्तर शोधून परतले ते माझ्यावर चिडूनच. म्हणाले, फाट्यावर धुक्यात एकटी कशाला उभी होतीस, आणि हात सरळ काय दाखवतेस, आपला रस्ता उजवीकडे नाही का?

मी दिवसभरात फाट्यापर्यंत गेलेच नव्हते. सगळे म्हणाले भास झाला. मी विचारलं, हात कसा होता? त्यांनी करून दाखवला. कोपर ताठ. बोटं जुळलेली.

७ ऑक्टोबर, पहाटे

मी जाते. धुक्यात पोस्टमास्तरांना मी वाटले तो धाकटाच होता. जिवंत आहे तो, फाट्यापर्यंत आला म्हणजे चालतोय. घेऊन येते, मग सांगू की स्वतःच वाट शोधत आला. कुणाला काही कळायची गरज नाही.

डॉक्टरीण जागी होती. तिला सांगितलं, उजव्या रस्त्याने दरीकडे जातेय. खरं सांगायला तोंडच उघडलं नाही.

७ ऑक्टोबर, सकाळ

फाट्यावर कुणी नाही. खाणीच्या वाटेवर बर्फात एकाच गाडीची रेघ. जाणारी. येणारी नाही.

रेघेवरून रेघ धरून आले. दोन किलोमीटर, मग एक आंधळं वळण, आणि वळण संपता संपता पूल.

पूल अर्धाच आहे. पुढचा अर्धा खाली नदीत पडलाय, कधीचा कोण जाणे. इकडे कुणी येतच नव्हतं तर कळणार कुणाला?

रेघ टोकापर्यंत जाते. ब्रेक मारल्याची खूण नाही. पाय टेकल्याची नाही. फाट्यावर कुणी उभं नव्हतं म्हणून तो सरळ गेला, आणि सरळच गेला. मी शिकवलेलं एवढं एकच त्याने अगदी बरोबर केलं— नाही, मी नाही, नियमच तसा—

खाली लाल हेल्मेट दिसतंय. दगडांत. माझ्या धाकट्याचं. मीच घेऊन दिलं होतं, वाढदिवसाला. मोठं होतं जरा. होईल बरोबर म्हणाला.

खूप ओरडले. नाव घेऊन ओरडले.

नंतर

उत्तर मागून आलं.

वळणावर उभा आहे. हात वर. कपडे ओले, ओढ्यात पडला तेव्हा होते तसे. डोक्याला हेल्मेट नाही. डोकं— नाही लिहिणार.

पाया पडले. म्हटलं, चुकले रे, आईची शपथ चुकले. रागावला नाही. तो कधी रागावलाच नाही माझ्यावर. एवढंच म्हणाला की ताई, दोन दिवस झाले, हात दुखतोय. आता तुझी पाळी.

आणि मला वळणावर उभं केलं. गाडी शेजारी लावून दिली. मग कुठे गेला दिसलं नाही.

नंतर

उजवा हात खाली येत नाही.

डाव्या हाताने लिहितेय. वही सीटवर. अक्षर शिकाऊसारखं आलंय. पायही हलत नाहीत. हात सरळ दाखवतोय, पुलाकडे. दुसरीकडे वळवून बघितला— तसूभर नाही—

धुकं. इथून पूल दिसत नाही. कुणालाच दिसणार नाही.

सगळे मला उजवीकडे शोधत असतील. मीच सांगितलंय. बरं झालं. इकडे कुणी येऊ नये. देवा, इकडे कुणी—

नंतर

गाडीचा आवाज.

एकच गाडी. खालून. ओळखते हा आवाज— वहिनी. तिने माझं खोटं ओळखलं, आणि तरीही मलाच शोधायला— माझी रेघ धरून—

पिवळं दिसतंय.

तिला पूल तुटलेला माहीत नाही. कुणालाच—

ओरडायचंय. तोंड उघडत नाही. खरं सांगायला उघडलं नव्हतं तसंच. काल आईशी बोलताना होतं तसंच—

तिने बघितलं. हसली. मी दिसले म्हणून हसतेय गं— माझा हात बघितला. तिला वाटतंय धाकटा सापडला, पुढे आहे, ये म्हणतेय मी— वेग वाढवला—

वहिनी नको— उघड, मेले, आता तरी तोंड उघ