तिसऱ्या अंकाची कॅसेट

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

फिंतास, कुवेत
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. शत्रुघ्न भावोजी यांस,

सीताबाईचे आशीर्वाद. धाकट्या दिराला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले, मनातून निघाले असं समजू नका. आम्ही इथे सगळे खुशाल. माझा गुडघा सोडला तर. आमच्या मुकेशच्या कंपनीतला प्रीतम मंगळवारी सुट्टीवर कुडाळला जातोय, त्याच्या हाती हे पत्र देईन. फोन करणार नाही. फोनवर तुम्ही बोलता नि मी ऐकते, हे गेली चाळीस वर्षं चाललंय.

इथे आता हवा बरी झालीय. संध्याकाळी नात स्वरा मला समुद्रावर नेते. पोरगी चौदा वर्षांची झाली, मी मराठीत विचारते नि ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना सगळं कळतं. सूनबाई प्रियांका ऑफिसला जाऊनही मला गरम भाकरी घालते. तुमच्या घरी आले होते तेव्हा तुमच्या सौभाग्यवतीने सकाळचा भात फोडणीला टाकला होता. आठवलं म्हणून लिहिलं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, तिसरी शिकलेल्या बाईचं असंच असणार. तुम्ही मॅट्रिक, लावून वाचा.

आता मुद्द्याचं. तुमच्या रूपेशने तुमची पत्रिका पाठवली. मुकेशने मोठ्याने वाचून दाखवली. ‘चंद्री सुतारीण या नाटकाची चाळीस वर्षं, ज्येष्ठ नाटककार शत्रुघ्न मेस्त्री यांचा जाहीर सत्कार, नाटकाच्या पुस्तकाचं प्रकाशन, जत्रेच्या दिवशी देवळापुढच्या मांडावर.’ वर तुमचा फेट्यातला फोटो. फेटा शोभतो तुम्हाला. डोकं झाकलेलं बरं दिसतं.

तुम्हाला वाटेल, वहिनी जळली. नाही हो! मी एवढी खूश आहे की परवा एकटीच बसून हसत होते, नि प्रियांका विचारायला आली की आई, काय झालं. काय झालं ते सांगते.

इथे कुवेतमध्येच, खैतानात, एक रियाज म्हणून म्हातारे शिंपी आहेत. आपल्याकडचेच, राजापूरचे. प्रियांका त्यांच्याकडे ब्लाउज उसवून घ्यायला जाते. मागच्या आठवड्यात मी बरोबर होते. त्यांनी पावती करायला नाव विचारलं, ती म्हणाली मेस्त्री. म्हाताऱ्याने कात्री खाली ठेवली. म्हणाले, “विश्राम मेस्त्री तुमचे कोण?” मी म्हटलं, “माझे मालक.” तर उठून उभे राहिले हो! सात वर्षं एका खोलीत राहिले होते दोघे. हे सुतारकामावर, ते शिलाईवर. “भाबी, तुमच्या मालकाने आम्हाला किती रडवलं! आठ माणसं खोलीत, जेवणं झाली की विश्रामभाई उठायचे, खांद्यावर टॉवेल पदरासारखा घ्यायचे, नि अख्खं नाटक एकट्याने करायचे. बाई तेच, सासरा तेच, पोलीस तेच.” आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाकडून घरी एक डबी पाठवली. त्यात कॅसेट.

तुम्हाला ती कॅसेट आठवत असेल. नसेल तर मी आठवण देते.

त्या वेळी पत्रं लिहायला मला जमत नसे म्हणून हे कॅसेटी भरून पाठवायचे. सुट्टीवर येणारा माणूस घेऊन यायचा. आपण एक बाजू ऐकायची, दुसऱ्या बाजूवर आपलं बोलणं भरायचं, नि परत जाणाऱ्याच्या हाती द्यायची. गावात ज्याचा माणूस आखातात, त्याच्या घरी हेच. एक्क्याऐंशीला हे कुवेतला गेले नि पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात तीन कॅसेटी आल्या. पहिलीत पहिला अंक, दुसरीत दुसरा, तिसरीत तिसरा. तुम्ही माझ्या घरात वळईत बसून आठ दिवस त्या वहीत उतरवल्यात. मी तुम्हाला चहा देत होते. बटण दाबून दाबून तुमचं बोट दुखलं होतं. ती तुमची नाटककारी!

तर तिसऱ्या अंकाची कॅसेट इथे आहे. मुकेशने कुठून तरी जुना टेप आणला. आम्ही चौघं बसलो. खरखर झाली, नि हे बोलले. गेल्यावर अकरा वर्षांनी बोलले, भावोजी. चंद्री नवऱ्याची हत्यारं घेऊन दुसऱ्याच्या घराला चौकट लावायला जाते, तो प्रवेश. बाईचा असा आवाज काढायचे की स्वराला खरंच वाटेना. “आजी, दॅट्स आजोबा? ही इज सो गुड!” शेवटी स्वतःच्या आवाजात म्हणतात, “नाटक संपलं. लिहिणार आणि करणार विश्राम तुकाराम मेस्त्री, खैतान, कुवेत. आणि सीता, तू हसू नको गो.”

आता बोला, ज्येष्ठ नाटककार.

मुकेश तर पेटलाय. म्हणतो, ही कॅसेट फोनवर उतरवून गावातल्या प्रत्येकाला पाठवतो, काकांचा सत्कार कसा होतो बघू. मी म्हटलं, दम धर, आधी मी पत्र लिहिते. तुम्ही या पोराला सायकल शिकवलीत, नि त्याच्या बापाचं नाव खाल्लंत. पहिल्याबद्दल तो दुसरं माफ करील असं समजू नका.

स्वराला मी सांगत बसले, तुझे आजोबा कोण होते. कारण त्यांच्याबद्दल कुणी कधी काही छापलंय का? विशीत असताना दशावतारात बाईचं काम करायचे. द्रौपदी झाले की बायका ओटी भरायला पुढे यायच्या. लग्न झाल्यावर मला नऊवारीच्या निऱ्या त्यांनी शिकवल्या, माझ्या आईला नीट येत नव्हत्या. कादंबरी लिहिली. सावंतवाडीच्या छापखानेवाल्याच्या घराला फणसाचे दरवाजे करून दिले, त्या बदल्यात त्याने तीनशे प्रती छापल्या. पन्नास गेल्या, बाकीच्या माळ्यावर वाळवीने वाचल्या. आज त्यांचं नाव कुठे आहे? तुमच्याच नाटकाच्या जाहिरातीत. ‘नेपथ्य, विश्राम मेस्त्री.’ नव्वदला युद्धातून सुटून घरी आले ते परत गेलेच नाहीत, नि दरवर्षी जत्रेआधी स्वतःच्या नाटकातला दरवाजा स्वतः ठोकत बसायचे. तुम्ही बाजूला उभे राहून सांगायचात, “दादा, जरा डावीकडे.” लाज नाही वाटली?

प्रियांका जेवायला हाक मारतेय. पापलेट आणलंय. उरलेलं उद्या.

रविवार

शनिवारी लिहिलं नाही. का ते लिहायचं की नाही हेही ठरत नव्हतं.

रियाजभाईंनी कॅसेट दिली तेव्हा मुलाकडून निरोप होता, “दुसरी बाजू बहुतेक कोरी आहे.” माणसाला कोरी वाटते तर तो सांगतो कशाला? मला तेव्हाच खटकलं होतं. शनिवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी कॅसेट उलटी लावली.

माझा आवाज. केवढा तरणा, नि केवढा टोचरा! गाय व्यायली, कौलं शाकारली, मुकेशला गोवर आला, सगळं सांगून झालं. मग म्हणते, “तुमचं नाटक शत्रुघ्न भावोजींनी उतरवून घेतलं. जत्रेत लावतायत. पण तुमचं नाव नको. विहिरीवर बायका मला काय विचारतात ठाऊक आहे? तुमच्या घरात बायलो किती गो, एक काय दोन? म्हणजे एक मी नि एक तुम्ही. आता ह्या नाटकात तुम्ही परत बाई होऊन बोललात. मला तोंड दाखवायला नको. भावोजी लावतील त्यांचं नाव, यंदापुरतं. आणि तुम्ही आता हे बायकी आवाज काढणं बंद करा. मुकेश मोठा होतोय.”

एवढं बोलून मी कॅसेट तुमच्याच हाती दिली होती, कुणाकडे तरी पोचवायला.

मी विसरले होते असं लिहिणार होते. विसरले नव्हते. चाळीस वर्षं तुम्हाला चोर म्हणत आले, कारण तसं म्हटलं की ही बाजू वाजवावी लागत नव्हती. तुम्ही त्या दिवशी अंगणात विचारलंही होतं, “वहिनी, दादाला काय वाटेल?” मी म्हटलं, “ते मी बघते.” बघितलं ते असं.

त्यांनी त्यानंतर पुन्हा नाटकाची कॅसेट पाठवली नाही. ‘मी खुशाल, तुम्ही खुशाल असा’ एवढंच. मला तेव्हा बरं वाटलं होतं, वेड गेलं म्हणून.

काल संध्याकाळी मी रियाजभाईंना फोन लावला. विचारलं, ऐकलीत ना? तर म्हणाले, “भाबी, विश्रामभाईंनी ती मला दिली नि म्हणाले, रियाज, ऐकू नको, पण टाकूही नको. युद्धात पळालो तेव्हा कपडे टाकले, शिलाई मशीन टाकलं, ही घेऊन गेलो. ऐकायची नाही असं ज्याने सांगितलं तो माणूस गेला तेव्हा ऐकली.” मी म्हटलं, मग मला का दिलीत? तर म्हणाले, “तुमचीच होती.”

आता तुम्ही मनात म्हणाल, सुटलो. नाही सुटलात! मी यंदापुरतं म्हटलं होतं. एका जत्रेपुरतं. ते तुम्ही चाळीस जत्रा ओढलंत. पहिल्या वर्षी माझी चूक, पुढची एकोणचाळीस तुमची. नव्वदला ते स्वतः घरी आले, समोर बसले, दरवाजे ठोकत राहिले, तेव्हा तरी तुमच्या तोंडून निघायला हवं होतं की दादा, हे तुझं घे. नाटक बसवलंत, गावोगाव नेलंत, ते खरं, ते मी नाकारत नाही. दिग्दर्शक म्हणून फेटा बांधा, माझी हरकत नाही. आणि तुम्ही वहिनीची लाज झाकायला गप्प राहिलात असं कुणाला सांगू नका. तुम्हाला गप्प राहणं सोयीचं होतं, तसंच मलाही.

काल जेवणानंतर मी तिघांना बसवलं नि दुसरी बाजू लावली. मुकेशने सगळं ऐकलं. मग उठून गॅलरीत गेला. अजून माझ्याशी नीट बोललेला नाही. स्वराने मात्र टेप बंद केल्यावर विचारलं, आणि मराठीत विचारलं, “आजी, तू आजोबांना कधी सॉरी म्हणालीस?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मग कोणाला म्हणणार आता?”

तेव्हा ठरवलं. दोन्ही बाजू फोनवर उतरवून घेतल्यात. प्रीतम हे पत्र देईल त्याच दिवशी त्या तुमच्याकडे नि देवस्थान कमिटीकडे पोचतील. मुकेश म्हणाला, “आई, फक्त पहिली पाठवू, तुझी कशाला?” मी म्हटलं, मग आपल्यात नि तुझ्या काकांत फरक काय?

मी पहिल्या तारखेच्या विमानाने गोव्याला उतरते. मुकेशने तिकीट काढलं. जत्रेला मी मांडावर असेन. देवीला गाऱ्हाणं घातलं जाईल तेव्हा गावासमोर तुम्ही सांगायचं, नाटक कोणी लिहिलं. तुमचं झालं की मी उठेन नि सांगेन, त्यांचं नाव कोणी पुसलं. ज्यांनी विहिरीवर विचारलं त्यातल्या दोघीतिघी अजून आहेत, त्याही ऐकतील. पुस्तकाची पहिली पानं फाडा, त्यांच्या नावाची दुसरी छापा. जमत नसेल तर प्रकाशन करू नका. पण मी येणार ते नक्की, आणि तुम्ही बोलला नाहीत तर दोघांचंही मीच बोलेन.

रूपेशला नि सुनेला आशीर्वाद. ते मनातून.

विश्राम मेस्त्री, नाटकवाले, त्यांची बायको
सीताबाई