एका ओळीतले नऊ दिवे

४ मार्च

ओळ विझली! आमचीच. बोटीची.

सकाळी दर्यादेवी मात्सूआईच्या देवळात झाडू मारायला गेले, तर दिव्यांच्या मनोऱ्यात तिसरी ओळ काळी. वरची पेटलेली, खालची पेटलेली, मधे नऊ नावं अंधारात; नावाचा दिवा पेटता तोवर माणूस सुखरूप, असं आम्ही मानतो. नव्या वर्षाला आम्ही बायकांनीच हट्ट धरला होता — एका बोटीतली माणसं, एकाच ओळीत राहू देत. कारभारी खो काका तेव्हा हसले होते, "घ्या बायांनो, मात्सूआईला सगळे सारखेच." आता तेच कपाळाला हात लावून बसलेत.

दुपारपर्यंत सगळ्या जमल्या. सिऊबी अनवाणीच धावत आली. सातवा महिना, कुणाचं ऐकते का! "वहिनी, नऊच्या नऊ! एकसुद्धा नाही उरला!"

मी माझ्या चपला तिच्या पायांत सरकवल्या. चार दिवस झाले, बोट वायरलेसवर नाही. मालकाच्या कचेरीतला कारकून रोज तेच — "यंत्र बिघडलं असेल, मावशी. घरी जा."

५ मार्च

कौल लावला. टाकलेल्या दोन्ही लाकडी फळ्या उताण्या पडल्या. म्हणजे देवी हसली. उत्तर नाही. पुन्हा लावला, पुन्हा हसली.

हसण्यासारखं काय आहे ग आई यात?

६ मार्च

राहवेना. हुआंग सरांकडे गेले. आयुष्यभर मासेमारी शाळेत वीज शिकवली त्यांनी. अर्धांगानंतर उजवा हात उचलत नाही, पण जीभ शाबूत आहे — चांगलीच.

"रडायला आलीस की विचारायला?"

विचारायला, म्हटलं. मग त्यांनी नूडल्सच्या वाटीत चॉपस्टिक बुडवून टेबलावर रस्स्याचं एक मोठं रिंगण काढलं. "वीज अशी चालते. जिथून निघाली तिथं परत पोचता आलं तरच चालते. तुझे नऊ दिवे या एकाच वाटेवर, एकामागे एक. याला एकसर जोडणी म्हणतात." आणि बोटानं एका जागी रस्सा पुसला. "इथं तुटली. आता सांग, किती दिवे विझतील?"

"सगळे."

"आणि उडाले किती?"

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. एक! बाकीचे आठ धडधाकट आहेत, फक्त काळे आहेत.

धावत देवळात. सगळ्यांना सांगितलं — नऊ नाही उडाले ग, एकच बल्ब उडालाय, वाट तुटली म्हणून बाकीचे विझले! वाटलं, सुटकेचा श्वास टाकतील.

पण सिऊबीनं विचारलं, "कुणाचा?"

आगीतून फुफाट्यात घातलं मी सगळ्यांना. काल निदान सगळ्या एकत्र रडत होत्या. आज प्रत्येकीची नजर दुसरीच्या माणसाच्या नावावर.

७ मार्च

खो काका म्हणतात, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद उडालेल्या जागी कोंबायचा, ओळ पेटते. वडिलांच्या वेळी असंच करत.

सर भडकले. "पेटते ना! नऊ जणांचा भार आठांवर. जास्त उजेड देतात आणि लवकर मरतात. मग आणखी चांदी, मग सात. पोरखेळ आहे का?"

कुणाचा बल्ब ते शोधूनच काढायला हवं. काकांना झटक्याची धास्ती. राहिले मी.

८ मार्च

देवळाचं दार लावून घेतलं. सर प्लास्टिकच्या खुर्चीत, मी मनोऱ्यामागे, हातात त्यांचं मीटर. त्यांचं बजावणं चालूच: रबरी चपला घाल. डावा हात खिशात ठेव. उघड्या तारेला बोट लावू नकोस. घाबरलीस तर आधी मागे हो, मग घाबर!

"खटका चालू राहू दे. मीटरच्या दोन्ही सुया चॉपस्टिकसारख्या एका हातात धर आणि प्रत्येक दिव्याच्या दोन टोकांना लाव. चांगल्या दिव्यावर काटा हलणार नाही."

"आणि उडालेल्यावर?"

"जिथं तुटलंय, तिथं सगळा दाब येऊन उभा राहतो."

पहिला दिवा बोटीच्या तांडेलाचा. काटा हलला नाही. दुसरा ह्यांचा. सुया दोनदा निसटल्या. काटा हलला नाही.

सातव्यावर काटा एकदम दुसऱ्या टोकाला गेला. आहोक. सिऊबीचा नवरा.

इथं खरं लिहिते, दुसरीकडे कुठं लिहिणार. पहिल्यांदा मनात आलं — आपला नाही! जीव हलका झाला. मग तिचं पोट आठवलं.

सरांनी विचारलं नाही. बाहेर बायका ताटकळत होत्या. म्हटलं, मीटर जुनं आहे, काही कळत नाही. सगळेच बल्ब बदलून टाकते. सिऊबी माझ्याकडे बघत राहिली.

१० मार्च

दोन दिवस तारा सोलून बोटं फुटली. आता विजेचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बसवलाय आणि प्रत्येक दिव्याला त्याची स्वतःची वाट दिलीय. समांतर जोडणी. एक गेला तरी बाकीचे पेटलेलेच राहतील.

खो काकांनी शंका काढली, "मग एखादा गेला तर इतरांना कळणार कसं?"

"नाही कळणार," सर म्हणाले. "ज्याचं त्याला कळेल."

खटका दाबला. नऊच्या नऊ लागले! बायका गुडघ्यांवर बसल्या. मी पण बसले.

११ मार्च

सिऊबीला माशाच्या गोळ्यांचं सूप नेलं. काल पण नेलं होतं. तिच्या आईचा पत्ता विचारला, माहेरी खोली किती मोठी आहे ते विचारलं.

"वहिनी, एवढे लाड का चाललेत माझे?"

मी पातेलं घासायला घेतलं.

तो उडालेला बल्ब माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे. हलवला की आत तार किणकिणते. काचेतली तार, जुनी झाली, तुटली. एवढंच आहे हे. मला समजलंय, सरांसमोर रिंगण काढून दाखवीन. तरी त्या पोरीच्या डोळ्यांत बघवत नाही. शिकून काय उपयोग झाला माझा?

१३ मार्च

सिऊबीच्या बाळासाठी दोन झबली शिवली. बापाविना वाढायचंय त्याला.

काय लिहून गेले हे!

१५ मार्च

बोट सापडली! दुसऱ्या एका बोटीनं दोर लावलाय, ओढत आणतेय, परवा बंदरात पोचेल. कारकून सांगत होता, वादळात वायरलेसचा खांबच मोडला होता. "सगळे आहेत ना?" — सगळ्यांनी एकदमच विचारलं. त्या बोटीवरून आवाज तुटक येत होता म्हणे, नीट कळलं नाही.

सिऊबीचा हात माझ्या हातात होता. मी सोडला नाही. म्हटलं, आता हिला मीच सांभाळायचं.

१७ मार्च

आठ जण उतरले. सगळ्यांत पुढे आहोक.

वादळाच्या पहिल्याच लाटेनं ह्यांना नेलं. ओळ विझली त्याच्या चार दिवस आधीच हे गेले होते.

देवळात जाऊन आले. ह्यांचा दिवा लागलेला आहे.