पिऱ्याच्या पाठीवरचं

१४ मार्च १९२०

शनिवार पेठेत बिऱ्हाड आलं एकदाचं! दोन खोल्या, मागं न्हाणी, परसात शेवगा, आणि बाहेरच्या खोलीला रस्त्यावर उतरणारी दगडी पायरी. घरमालक गौसभाई भांड्यांना कल्हई लावतात. आम्ही सामान उतरवत होतो तेवढ्यात त्यांनी पिऱ्याला नेऊन नुकत्याच कल्हई केलेल्या पातेल्यात बसवलं. आत स्वतःचं तोंड बघून पोर असं खिदळलं की निम्मी गल्ली गोळा झाली. त्यांची बायको अमीरबी ही पेठेतली सुईण. मला ती आल्या आल्या मास्तर म्हणायला लागली. मी म्हटलं, मास्तर कसला, कॉलेज मधेच सोडलंय. तर म्हणाली, मग अर्धं मास्तर.

ताना हसली. ताना हसली की मला पुढचं काही सुचत नाही. त्या हसण्यापायी मी कॉलेज सोडलं, आजऱ्याचं घर सोडलं, आणि तिच्यावरून वेडंवाकडं बोलणाऱ्या एका वर्गबंधूचे दोन दात पाडले. वडिलांनी निरोप धाडला की कृष्णात आम्हाला मेला. मेला तर मेला! महाराज सरकारांनी पुनर्विवाहाचा कायदा केलाय, आमची नोंद झालीय, ताना माझी लग्नाची बायको आहे.

१७ मार्च

छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम लागलं. दुपारी जेवायला घरी येता येतं, म्हणजे दुपारीसुद्धा ताना दिसते. अजून काय पाहिजे?

गेल्या चैत्रात जोतिबाचा डोंगर चढताना तिनं मला पहिल्यांदा हाक मारली. पावणं, एवढं पोराला धरा की. तीन महिन्यांचा पिऱ्या माझ्या हातात देऊन ती वहाणेचा तुटका अंगठा बांधत बसली. उधळलेला गुलाल तिच्या कोऱ्या कपाळावर पडला होता. वर बघून हसली. मी तिथंच संपलो.

तिचा पहिला नवरा सयाजी पैलवान. खासबागेत कुस्त्या मारलेला गडी मानमोडीच्या साथीत बघता बघता गेला. पिऱ्या तेव्हा पोटात होता. बापानं लेकाचं तोंड बघितलं नाही, लेकानं बापाचं. ताना त्याचं नाव काढत नाही, मीही काढू देत नाही. आमचं पाटाचं लग्न लागायच्या वेळी तिच्या आकाराममामानं चांदीचा टाक करून आणला होता. पहिल्या नवऱ्याच्या नावाचा टाक बाईनं गळ्यात घातला म्हणजे तो आडवा येत नाही, अशी ह्या लोकांची समजूत. मी तो हिसकावला आणि रंकाळ्यात भिरकावला. म्हटलं, मेलेल्याला गळ्यात बांधून हिंडायला ती काय थडगं आहे? मामा न जेवता शाहूवाडीला निघून गेला.

२ एप्रिल

पिऱ्यानं नवा खेळ काढलाय. दोन्ही पंजे जमिनीवर टेकतो, बूड वर करतो आणि स्वतःच्या पायांमधून मागं बघतो. अमीरबीनं बघितलं आणि टाळीच वाजवली. म्हणाली, पोर असं वाकून बघाय लागलं की पाठीवरचं वाटंला लागलं म्हणून समजायचं. थोरलं धाकट्याला बघतंय. ताना पदरात तोंड लपवून आत पळाली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी बाप होणार! रस्त्यावर जाऊन गौसभाईंना मिठी मारली, त्यांच्या हाताची काजळी माझ्या सदऱ्याला लागली. माझं पोर. माझं स्वतःचं. (पिऱ्याही माझाच आहे. पण हे माझं.)

९ मे

एक कडेवर आणि एक पोटात, तानाचे फार हाल होतात. सकाळी उलट्या, त्यात पिऱ्या चालायला लागलाय, एका जागी ठरत नाही. चूल, न्हाणी, रस्ता, सगळीकडं धाव. त्याचे लंगोट मीच धुतो. गल्लीतल्या बायका हसतात, म्हणतात बायलीचा बैल. हसा म्हणावं.

अमीरबी म्हणाली की पाठीवर दुसरं असताना अंगावर पाजू नये, दूध तोडा. म्हणून आज तानानं छातीला कडुलिंबाचा पाला वाटून लावला. ह्यावर कुठलंही पोर रडून घर डोक्यावर घेतं म्हणे. पिऱ्या रडला नाही. त्यानं तो हिरवा लगदा सावकाश चाटून काढला, गिळला, आणि माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच मांडीवरून उतरला. पुन्हा दूध मागितलं नाही.

१९ जून

दूध तुटल्यावर पोरं वाळतात. हा भरतोय. मान आणि खांदे एक व्हायला लागलेत. काल मागच्या दारात पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरून उभा होता. दीड वर्षाचं पोर! ताना कौतुकानं बघत होती. मी वरवंटा काढून घेतला तर दोघांनीही तोंड फिरवलं.

तानाचे डोहाळे विचित्र आहेत. चिंच नको, कैरी नको. तालमीतली माती पाहिजे. बायकांना माती खावीशी वाटते हे ऐकून होतो, पण चुलीची, भिंतीची. हिला आखाड्यातलीच पाहिजे, ताक-हळद घालून मळलेली तांबडी. गेलो बापडा. तालमीतली पोरं ओरडली की पावणं लंगोट लावणार काय, बघा, वाऱ्यानं पडशीला. वस्तादांनी विचारलं कुणासाठी. सांगितलं. त्यांनी पोरांना गप्प केलं आणि स्वतःच्या हातांनी ओंजळभर माती माझ्या रुमालात घातली. म्हणाले, सयाजी ह्याच मातीत घोळलेला.

घरी येईपर्यंत रागानं माझे कान तापले होते. रुमाल उंबऱ्यातच फेकणार होतो. पण तानानं दोन्ही हात पुढं केले. मी दिला. तिनं डोळे मिटून खाल्ली.

११ जुलै

आज पोटाला कान लावला. पोर हालतं ते ऐकायचं होतं. ताना भिंतीला टेकून बसली होती, दारातून चांगलं ऊन येत होतं.

लाथ नव्हती ती. थाप होती. मांडीवर उघडा पंजा मारल्यावर होते तशी, भरीव. एक, आणि थोड्या वेळानं दुसरी. कुस्तीला उभा राहताना पैलवान शड्डू ठोकतो ती.

मी मान वर केली तर पिऱ्या दारात उभा. एक पाय पुढं, गुडघ्यात वाकलेला. त्यानं आपल्या मांडीवर थाप मारली. ह्या पोरानं उभ्या जन्मात कुस्ती बघितलेली नाही.

पोटातून लगेच उत्तर आलं.

४ ऑगस्ट

अजून वाकतो तो. पण आता तानाकडं पाठ करून. पायांमधून तिच्या पोटाकडं बघतो, काहीतरी बडबडतो, थांबतो, आणि ऐकतो. मग हसतो. कुणी बोलल्याशिवाय पोर असं थांबंल का?

तानाला म्हटलं हे बरं नाही. ती म्हणाली, लेकराला भाऊ दिसतोय, तुमच्या पोटात का दुखतंय? मी म्हटलं, भाऊ दिसतोय की बाप? तोंडातून निघून गेलं. पाण्याचा माठ लाथेनं फोडला. पाय कापला. पिऱ्या दचकलाही नाही.

ताना शांतपणे खापऱ्या गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, पावणं, आवाज खाली.

लग्नानंतर आजवर तिनं मला पावणं म्हटलं नव्हतं.

२८ ऑगस्ट

पिऱ्याला शाहूवाडीला मामाकडं ठेवायचं ठरवलं. बाळंतपण होईपर्यंतच. तानाला विचारलं नाही. ती न्हाणीत होती, टांगा दारात आणला आणि पोराला उचलायला गेलो.

उचललं नाही.

काखेत दोन्ही हात घालून ओढलं. पाय जमिनीवरून सुटंनात. कोवळं पोर, पण आत लोखंड भरल्यासारखं. टांगेवाला वरून ओरडला, अहो एक पोर उचलंना व्हय तुमाला? माझं डोकं फिरलं. मी हात उगारला. खरं लिहितो, मी त्याला मारणारच होतो.

त्यानं माझं मनगट धरलं. एवढ्याशा मुठीत ते मावतही नाही. पण पिळलं, आणि मी गुडघ्यावर आलो, आणि त्याचा दुसरा पंजा माझ्या मानेवर पडला. दाबला.

ताना न्हाणीच्या दारात ओल्या केसांनी उभी होती. तिनं पोराला थांबवलं नाही. मला उठवलं नाही.

१२ सप्टेंबर

मान वळत नाही. उजवीकडं तर मुळीच नाही. मुद्रितं तपासता येत नाहीत, छापखान्यातून घरी बसवलं. आरशात बघवत नाही, गालांची हाडं वर आलीत. अमीरबी तेल चोळते. आज म्हणाली की साथीत अशाच माना बघितल्या होत्या. मग जीभ चावली.

आकाराममामाला मीच पत्र टाकून बोलावलं. आला. नवा टाक घेऊन आला. मी त्याच्या पाया पडलो. म्हटलं, घाला तिच्या गळ्यात, माझं चुकलं. मामानं टाक पुढं केला. तानानं हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि हसली. जोतिबाच्या डोंगरावर हसली होती तशी. म्हणाली, मामा, खुळा का काय तू? टाक मेलेल्याचा घालत्यात.

मामा टाक तसाच टाकून पळाला. जाताना मला म्हणाला, पावणं, तुमीबी निघा. मी म्हटलं, बायकोला टाकून जाणारी आमची जात नव्हे.

३० सप्टेंबर

तानाला विचारलं. सरळ विचारलं — पोटातलं पोर कुणाचं? रडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी तिचे पाय धरले असते.

पोटावर हात फिरवत राहिली. म्हणाली, ज्याला यायचंय त्याचं.

७ ऑक्टोबर

ती दोन पानं वाढते. एक स्वतःचं. एक पिऱ्याचं. मी मागितल्यावर मला देते.

आज तिनं तिसरं पान मांडलं. मी बसायला गेलो. ती म्हणाली तिथं नको, तिथं माणूस बसायचंय.

पिऱ्या त्या रिकाम्या पाटाच्या कडेला टेकून बसला होता. टेकून. मागं काही नव्हतं आणि तो पडत नव्हता —

१५ ऑक्टोबर

आजऱ्याला जावं का? पाय चालतात अजून.

पण ताना — तिला इथं सोडून? आणि माझं पोर? माझंच आहे ते. नऊ महिने मी मोजलेत. त्या मेलेल्यानं फक्त वाट अडवलीय. बाहेर आलं की तोंड बघीन, माझं नाक असेल, आजऱ्याचं नाक, आमच्या घराण्यात सगळ्यांचं —

मान खाली जातीय. लिहिताना हनुवटी छातीला लागते.

२१ ऑक्टोबर, सकाळ

कळा सुरू झाल्या. अमीरबी आत आहे. मला बाहेर काढलं, मी पायरीवर बसलोय. पिऱ्या आतच राहिला. अमीरबीनं त्याला बाहेर आणायचं बघितलं, तिच्यानंही तो हलला नाही.

ताना ओरडत नाही. एकदाही नाही. बाळंतीण ओरडते ना? गौसभाई म्हणाले, ओरडती की. मग कल्हईची भट्टी तशीच टाकून आपल्या घरात गेले आणि दार लावून घेतलं.

दुपार

झालं. पोराचं रडं नाही.

अमीरबी बाहेर आली. हात कोपरापर्यंत तांबडे. रक्त वाटलं. रक्त नव्हतं — माती. म्हणाली, मुलगा. मी विचारलं, माझ्यावर गेलाय? ती रडायला लागली. मास्तर, आत जाऊ नगा, आईशपथ सांगते, जसं हाय तसं निघा, आजऱ्याला जावा. सुईणीला द्यायला आणलेलं लुगडं पुढं केलं, तिनं हात लावला नाही. ती माझ्यासमोरून निघून गेली, आणि मागं आमच्या खोलीचं दार लागलं. आतून कडी पडली.

मी जाणार नाही.

ताना आत बोलतेय. हळू. हसतेय. अशी माझ्यासाठी कधी हसली नाही. कधीच नाही. डोंगरावरही नाही —

हाक मारली तिनं. अवो. अवो, या की. गोड. मी उठलो. आलो म्हणणार होतो —

आतून कुणीतरी आलो म्हणालं.

जाडा आवाज. पुरुषाचा.

दारावर मुठी मारल्या. ओरडलो, मर्द असलास तर ये भायेर. सगळी गल्ली ऐकतीय, कुणी येत नाही. ताना माझी आहे. ऐकलंस? माझी आहे ती —

हसणं थांबलं.

कडी हालतीय. ताना बाजेवर आहे, तिला उठवणार नाही. अमीरबी माझ्यासमोरून गेली. पिऱ्याचा हात कडीला पोचत नाही.

निघाली कडी. दार उघ