निराळी खाट

८ एप्रिल
नंदुरबारला जाऊन गोळ्या आणल्या. तिथं कॉलेजची एक पोरगी पाहणी करत होती. एचआयव्ही असलेल्यांचं जगणं कसं आहे म्हणे! झोप लागते? लागते. जेवण जातं? दोन भाकरी. आयुष्याबद्दल समाधानी? 'बऱ्यापैकी' म्हटलं. व्हायरस तपासणीत दिसत नाही इतका कमी झालाय, डॉक्टर खूश. मीही खूश. पण पापड लाटायला कोणी बोलावतं का, हे त्या पोरीनं विचारलंच नाही.

११ एप्रिल
गल्लीचे पापड सुरू झाले. आज भिंतीपलीकडे — थोरल्या जावेकडे, धनुबाईंकडे. हे होते तोवर उडदाचं पीठ मी चाखल्याशिवाय कोणी लाटायला घेत नसे. हे गेले, आजाराचं नाव गावभर झालं, आणि माझं पोळपाट-लाटणं फळीवर गेलं. पापडानं हा आजार पसरत नाही, हे आशाताईनं चौकात माइकवरून सांगितलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोलावलं कोणीच नाही.

१२ एप्रिल
गोळी घेतली. दिवसभर पलीकडून पीठ कुटायचा आवाज. डोकं उठलं.

१५ एप्रिल
बोलावलं! धनुबाई भिंतीवरून — 'ममता, ये वं! पीठ बिघडी गयं, तूच देख.' अडला हरी, कळत होतं. तरी धावले. पापडखार जास्त पडला होता. आणखी पीठ घालून पुन्हा कुटायला लावलं.

लाटायला बसले तशा दोघीजणी उठून गेल्या. धनुबाईंची काजल मात्र खेटून बसली. पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आलीय. मग पाहिलं — सगळ्यांचे पापड एका खाटेवर वाळत घातलेले, माझे निराळ्या खाटेवर!

धनुबाईंना विचारलं, 'जिजी, मन्हा पापडेसले येगळी खाट का बरं?'

'लाट वं चूपचाप.'

लाटणं तिथंच टाकून आले. रागानं रडले. त्या अंगणात परत पाय ठेवणार नाही.

१७ एप्रिल
धनुबाई काजलला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. दुपारी परतल्या, दोघींची तोंडं उतरलेली. मी विचारलं नाही. अबोला म्हणजे अबोला.

१८ एप्रिल
धनुबाई आल्या. त्या निराळ्या खाटेवरचेच पापड भाजून आणले होते. माझ्यासमोर एक खाल्ला, माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायल्या. 'चांगला व्हयनात,' म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या. ह्या बाईला झालंय तरी काय?

१९ एप्रिल
धनुबाईंनी येऊन सांगितलं — काजलच्या रक्तातही तेच निघालं. सासरी तपासलंच नव्हतं.

'उद्या तिले तुन्हासंगे नंदुरबारले लई जाशी का, ममता?'

मनात आलं — टाका आता खाट! पण पोरीचा काय दोष? गोळ्या चुकवल्या नाहीत तर बाळ निरोगी होऊ शकतं, एवढं सांगितलं.

मग म्हटलं, 'लई जासू, जिजी. पन काजलनी खाट येगळी टाकू नको.'